कपाटाची किल्ली कोणाकडे?



जिल्हा बैठकीच्या अंकात कापसाचा भाव, विम्याचे पैसे, जळालेल्या डीपी हेच विषय असतात. या वेळी आम्ही शाळेतल्या ग्रंथपालाच्या जागेबद्दल लिहितो आहोत. वाचून कित्येकांच्या कपाळाला आठी पडणार हे आम्हाला ठाऊक आहे. मागच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा शेवटच्या रांगेतून सरळ सवाल आला : पगारदाराची वकिली आपण कशाला करायची? आपला कापूस मातीमोल जातो तेव्हा कोणता ग्रंथपाल रस्त्यावर येतो?

सवाल खोटा नाही. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचारी आणि शिक्षकांनी १४ ते २० तारखेपर्यंत संप केला. नेमका त्याच आठवड्यात मराठवाड्यात अवकाळी आणि गारा पडल्या. काढणीला आलेली ज्वारी आडवी झाली, गहू लोळला, आणि पंचनाम्याला माणूस नव्हता. तो राग अजून गेलेला नाही, जाऊही नये.

तो राग पोटात ठेवूनच पुढचे वाचा. आम्ही नोकरदाराची नाही, जागेची बाजू मांडतो आहोत. जागा वेगळी आणि जागेवर बसलेला माणूस वेगळा. तलाठी कामचुकार निघाला तर आपण तलाठी बदला म्हणतो, सज्जा बंद करा असे आजवर एकाही मोर्चात म्हटलेले नाही. कारण सज्जा बंद झाला तर सातबाऱ्यासाठी तालुक्याला हेलपाटे आपल्यालाच घालावे लागतात. शाळेतल्या ग्रंथपालाचे तसेच आहे. जागा गेली तर त्या माणसाचे काय व्हायचे ते होईल, तो शहरात कुठेतरी लागेल. पुस्तकाचे कपाट बंद होते ते आपल्या पोरांसाठी.

आता जागा कशी जाते ते पाहा. महाराष्ट्रात अनुदानित माध्यमिक शाळेला ग्रंथपाल द्यायचा की नाही हे पटावर ठरत आले. जुने माप असे : पट हजाराच्या वर असेल तर पूर्णवेळ ग्रंथपाल, पाचशे ते हजार असेल तर अर्धवेळ, पाचशेच्या खाली काही नाही. पुढे २०१३ साली शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा नवा आकृतिबंध आला, त्यावर ओरड झाली, मग २८ जानेवारी २०१९ ला पुन्हा नवा शासन निर्णय निघाला. कागद बदलले, माप पटाचेच राहिले. अर्धवेळ ग्रंथपालांनी पूर्णवेळ होण्याची वाट पाहत नोकरीची सारी उमेद घालवली. अर्धा पगार, पण कपाट मात्र पूर्ण सांभाळायचे.

हे माप शहराच्या फूटपट्टीने काढलेले आहे. हिशेब करा. पाचवी ते दहावी, सहा वर्ग. एकेका वर्गाच्या दोन तुकड्या, तुकडीत चाळीस पोरे. झाली ४८०. म्हणजे प्रत्येक वर्गाला दोन भरलेल्या तुकड्या असलेली, आपल्याकडे मोठी म्हणावी अशी शाळासुद्धा अर्ध्या ग्रंथपालाला वीस पोरांनी कमी पडते. आणि आपल्या सोयगाव, कन्नड, फुलंब्री, वैजापूरच्या कोरडवाहू गावांत अशा भरलेल्या शाळा किती? पाऊस ओढ देतो त्या वर्षी माणसे वाळूजला नाहीतर ऊसतोडीला जातात आणि पट आणखी घसरतो. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त, शिपाई अतिरिक्त, ग्रंथपालाचे तर नावच नको. ज्या शाळेतल्या पोरांच्या घरी एकही पुस्तक नाही त्याच शाळेला ग्रंथपाल नाही, आणि ज्या शहरात चार पावलांवर पुस्तकांचे दुकान आहे तिथल्या हजार-दीड हजार पटाच्या शाळेला आहे. जिथे पाणी मुरते तिथेच कालवा न्यायचा, ही सिंचनातली जुनी रीत शिक्षणातही चालू आहे.

लहान शाळेला ग्रंथपाल परवडत नाही असे कोणी म्हणाले तर त्याला कन्नडला घेऊन जा. तिथे जवाहर नवोदय विद्यालय आहे. केंद्र सरकारची शाळा, ग्रामीण पोरांसाठी काढलेली, सहावीला वर्षाला जास्तीत जास्त ८० पोरे परीक्षा घेऊन निवडतात. सारी शाळा भरली तरी पट साडेपाचशेच्या आसपास. नवोदयला ग्रंथपालाचे पूर्णवेळ पद मंजूर असते. म्हणजे पाचशे ग्रामीण पोरांना पूर्ण ग्रंथपाल लागतो हे दिल्लीला कळते. निवडलेल्या ८० पोरांत ज्यांचा नंबर लागला नाही, त्या बाकीच्या हजारोंना तो का लागत नाही, एवढेच मुंबईने आम्हाला समजावून सांगावे.

कायदा काय म्हणतो? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत लिहिले आहे की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल, त्यात वर्तमानपत्र, मासिके, सगळ्या विषयांची आणि गोष्टींची पुस्तके असतील. ग्रंथपालाबद्दल तिथे एक शब्द नाही. विहीर मंजूर केली, मोटर दिली नाही. समग्र शिक्षा योजनेतून शाळेच्या इयत्तांप्रमाणे वर्षाला ५ हजारांपासून २० हजारांपर्यंत ग्रंथालय अनुदान ठरलेले आहे. पुस्तके येतात. गठ्ठा येतो, पावतीवर सही होते, गठ्ठा कपाटात जातो. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत ग्रंथपालाचे पदच नाही. म्हणून कपाटाचा ताबा एखाद्या गुरुजींकडे असतो. त्यांच्याकडे दोन वर्ग, खिचडीचा हिशेब, ऑनलाईन माहिती, मतदार याद्या. त्यातून पुस्तक हरवले तर भरपाई आपल्या पगारातून, ही धास्ती. मग सगळ्यात सुरक्षित उपाय म्हणजे कुलूप.

एका माध्यमिक शाळेत आम्ही माती परीक्षणाचे प्रात्यक्षिक घ्यायला गेलो होतो. नाव लिहीत नाही, कारण अशा शाळा गावोगाव आहेत. तक्ता टांगायला खिळा हवा म्हणून एक खोली उघडली. आत तीन लोखंडी कपाटे, वर फुटके बाक रचलेले. किल्ली शोधण्यात अर्धा तास गेला. खालच्या फळीवरच्या पुस्तकांना वाळवीने असे पोखरले होते की हात लावला तर चुरा. वरच्या फळीवरचे गठ्ठे सुतळीसकट तसेच. दहावीच्या पोरांना विचारले, या खोलीत काय आहे? उत्तर आले, भंगार.

यात कोणाला दोष द्यायचा? मुख्याध्यापकाला देऊन मोकळे होता येईल, पण त्याने काही होणार नाही. पुस्तक हे बियाण्यासारखे आहे. कोठीत पडून राहिले तर त्याची उगवणशक्ती जाते. दाखल नोंदवहीत चढवणे, फाटले तर शिवणे, कोणत्या पोराला काय झेपेल ते ओळखून हातात देणे, आठवड्याने परत मागणे, आणलेच नाही तर घरी निरोप धाडणे, वाचनाच्या तासिकेला वर्ग आपल्याकडे घेणे, एवढे काम आहे. हे शिकून येणारा माणूस वेगळा असतो. आपल्या संभाजीनगरच्या विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचा विभाग आहे. तिथून शिकून निघालेली शेतकऱ्यांचीच पोरे शहरात स्पर्धा परीक्षेच्या खोल्या झाडत बसली आहेत.

तरीही कोणी म्हणेल, याचा कापसाशी काय संबंध? तर ऐका. आम्ही कृषी पदवी घेतलेली माणसे आहोत, पुस्तकाने बोंडअळी मरत नाही हे आम्हाला कळते. पण २००२ साली बीटी कापूस आला तेव्हा ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची एक लहान पुडी येत असे, बिगर बीटी बियाण्याची. ती शेताच्या कडेने लावायची होती, म्हणजे अळीत प्रतिकारशक्ती लवकर तयार होऊ नये. आपण काय केले? बांधावर फेकली. का फेकली? दुकानदाराने सांगितले नाही, कंपनीने मुंगीच्या अक्षरात छापले, कृषी खाते गावात आले नाही, आणि छापील कागद उलगडून शेवटपर्यंत वाचायची सवय घरात कोणाला नव्हती. पहिल्या तिघांचे पाप मोठे आहे आणि ते आम्ही दर अंकात लिहितो. चौथ्या गोष्टीचा इलाज मात्र शाळेतच होतो. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली. एकट्या त्या पुडीमुळे असे आम्ही म्हणणार नाही. फरदड, लांबलेला हंगाम, शेकडो वाण, सगळे त्यात आहे. पण हे सगळेही कुठे ना कुठे छापून पडलेले होतेच.

त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. औषधाच्या डब्यावर त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. किती घरांत हे माहीत आहे? पाचवीतल्या पोराला शाळेत एकदा कोणी नीट दाखवले तर ते बापाच्या हातातला डबा फिरवून बघेल. पाठ्यपुस्तकात धडा घालून हे होत नाही. धडा परीक्षेपुरता असतो. परीक्षेत न येणारे वाचायची सवय ग्रंथालयात लागते, दुसरीकडे कुठेच लागत नाही.

मोबाईल आहे की, असेही म्हणतात. आहे. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात मोबाईलवर निरोप फिरत राहिले की आणखी चढणार, विकू नका. घराघरात कापूस साठला. माणसे ओसरीत झोपली, अंगाला खाज सुटली, आणि उन्हाळ्यात सात-साडेसात हजारांना गाडी भरली. मोबाईलवर आलेले खरे की खोटे हे पारखायलाही आधी वाचायची सवय लागते.

आपल्या चळवळीला ही गोष्ट नवी वाटायला नको. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, पण त्यांच्या हयातीत तो पूर्ण छापून निघाला नाही. जोतीरावांनी काय केले? हस्तलिखित काखोटीला मारून गावोगाव वाचून दाखवले. पुस्तक आणि शेतकरी यांच्यात एक माणूस लागतो, तो माणूस ते स्वतः झाले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही तो ग्रंथ त्यांच्याकडून वाचवून ऐकला. हे सयाजीराव म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक गेलेले. पुढे त्यांनी शिक्षण सक्तीचे केले, आणि तेवढ्यावर थांबले नाहीत. शिकलेला माणूस वाचायला काही नसेल तर पुन्हा निरक्षर होतो हे त्यांनी ओळखले. १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावून आणला आणि लाकडी पेट्यांत पुस्तके घालून खेड्यापाड्यांत फिरवली. राजाने आधी ग्रंथपाल आणला, मग पेट्या. आपल्या सरकारने पेट्या आणल्या आणि ग्रंथपाल परवडत नाही म्हणून सांगितले.

मराठवाड्यात तर निजामाच्या राजवटीत मराठी वाचनालय काढणे हेच एक धाडस होते. सभा घ्यायची तर परवानगी लागे, वाचनालयात मात्र माणसे जमत. परभणीचे गणेश वाचनालय १९०१ चे आहे. पुढच्या पिढीने हैदराबाद मुक्तीचा लढा दिला, ती अशाच वाचनालयांतून आणि राष्ट्रीय शाळांतून घडलेली पिढी. १९५० साली बाबासाहेबांनी आपल्या शहरात मिलिंद महाविद्यालयाचा पाया घातला, आणि ज्यांच्या दहा पिढ्यांना पुस्तकाला हात लावू दिला नव्हता ती पोरे नागसेनवनात येऊन वाचू लागली. आज त्यांचीच नातवंडे खेड्यातल्या शाळेत कुलूपबंद कपाटापुढे बसली आहेत.

सरकारला वाचनाचे प्रेम नाही असे मात्र म्हणता येणार नाही! २०१५ पासून दर १५ ऑक्टोबरला डॉ. कलामांच्या जयंतीला वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. पोरे पटांगणात पुस्तक हातात धरून बसतात, फोटो निघतो, फोटो वर पाठवतात, पुस्तके परत कपाटात. १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन, रंगनाथनांच्या तसबिरीला हार. २०१७ मध्ये भिलारला पुस्तकांचे गाव झाले, पाठोपाठ आपल्या वेरूळचीही निवड झाली. चांगले आहे. लेणी बघायला आलेला पाहुणा पुस्तकही बघेल. पण वेरूळपासून दहा कोसांवरच्या पोराला त्याच्या शाळेत पुस्तक देणारा माणूस द्यायचा प्रश्न आला की वित्त विभाग आडवा येतो.

आणि वित्त विभाग काय करू शकतो ते आपण पाहिले आहे. ११ डिसेंबर २०२० चा शासन निर्णय काढून वाचा. खाजगी अनुदानित शाळेतला शिपाई निवृत्त झाला की ती जागा संपली, तिच्या बदल्यात शाळेला शिपाई भत्ता. मुंबई-पुण्यात महिना १० हजार, इतर शहरांत साडेसात हजार, ग्रामीण भागात ५ हजार. खेड्यातली घंटा शहरातल्या घंटेच्या निम्म्या भावात वाजवायची. ६ सप्टेंबर २०२३ ला कंपन्यांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय निघाला होता. ओरड झाली म्हणून ऑक्टोबरात मागे घेतला. ओरड झाली नसती तर? ग्रंथपालाची जागा भत्त्यावर जायला आता फार अंतर उरलेले नाही.

गावातले सार्वजनिक वाचनालय ही उणीव भरून काढेल असे ज्यांना वाटते त्यांनी त्याचेही अनुदान बघावे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या ड वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला ३० हजार मिळत. २०२२ च्या अखेरीस ६० टक्के वाढ जाहीर झाली आणि ते ४८ हजार झाले. निम्मे पगारावर धरा. महिन्याला दोन हजार. वेचणीच्या भरात कापूस वेचणाऱ्या बाईला यापेक्षा जास्त आठ-दहा दिवसांत मिळतात. कर्नाटकाने १९६५ च्या कायद्यात मालमत्ता करावर ग्रंथालयासाठी उपकर बसवला, आपल्या कायद्याने तो बसवला नाही. म्हणून आपल्याकडचे वाचनालय दर अर्थसंकल्पाला हात पसरून उभे असते.

पैसा नाही म्हणतात, तर आम्ही स्वस्तातला रस्ता सांगतो. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव शिक्षण खात्याने मागवले होते. पोरांना गाडीत घालून गोळा करायची हौस आहे ना? त्याऐवजी ग्रंथपालाला फिरवा. केंद्रातल्या सगळ्या शाळा मिळून एक पूर्णवेळ ग्रंथपाल द्या. पटाची अट काढा आणि एकूण पोरे नव्हे, केंद्र हे माप धरा. आठवड्यातून एक दिवस एका शाळेत, बरोबर पेटी, मागच्या खेपेची पुस्तके परत, नवी हातात. ज्या शाळांत आज अर्धवेळ जागा आहेत त्या पूर्णवेळ करा आणि जवळच्या लहान शाळा त्यांना जोडा. निवृत्तीने मोकळी होणारी एकही जागा व्यपगत होता कामा नये.

आमचा हा पाठिंबा फुकटचा नाही, हे ग्रंथपालांच्या संघटनांनीही ऐकून ठेवावे. आज जे जागेवर आहेत त्यांतले काही दिवसभर कार्यालयात लिपिकाची कामे करतात आणि कपाट उघडत नाहीत. त्यांची ढाल आम्ही होणार नाही. आम्ही तुमच्या जागेसाठी मोर्चात येतो, तुम्ही आठवड्यातून दोन संध्याकाळी शाळेचे ग्रंथालय गावातल्या बायाबापड्यांसाठी उघडे ठेवायचे. कृषी आयुक्तालयाचे 'शेतकरी' मासिक, परभणीच्या कृषी विद्यापीठाची कृषी दैनंदिनी, विम्याच्या योजनेचे मराठीतले नियम, कापूस-ज्वारीच्या शिफारशी या तिथे असल्या पाहिजेत. देवघेवीची वही शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत दर महिन्याला दाखवायची. आणि पुढच्या गारपिटीत पंचनामे अडले तर तुमचीही माणसे आमच्या बाजूने तहसीलवर दिसली पाहिजेत.

आता आपले काम. येत्या ग्रामसभेत ठराव घ्या : आमच्या केंद्राला पूर्णवेळ ग्रंथपाल मिळावा, आणि मिळेपर्यंत कपाट रोज एक तास उघडे राहावे. ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या, पोच घ्या. पोच न घेता परत येऊ नका. शाळेला मंजूर पदे किती, रिक्त किती, गेल्या तीन वर्षांत ग्रंथालय अनुदान किती आले आणि त्यातून कोणती पुस्तके घेतली, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येते. आणि बैठकीला येण्याआधी एकदा शाळेत जा. एका कागदावर चारच गोष्टी लिहून आणा : शाळेचा पट, ग्रंथपालाचे पद आहे की नाही, देवघेवीच्या वहीत शेवटचे पुस्तक कोणत्या तारखेला गेले, आणि कपाटाची किल्ली आज कोणाच्या खिशात आहे. मुख्याध्यापकांशी वाद घालू नका, तेही याच कात्रीत सापडलेले आहेत. गावाचे आणि केंद्राचे नाव वर ठळक लिहा. कागद बैठक सुरू होण्याआधीच तालुकाप्रमुखांकडे द्या, मागाहून जेवणाच्या गडबडीत हरवतात.